जुन्या वळणाचं ऑर्किड, ठाण्याच्या घरात: पेन्सिलीपासून फ्रेमपर्यंत

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. शाफ्ट, गिअर, फ्लँज, यांचे आराखडे काढण्यात हयात गेली. निवृत्त झाल्यावर वाढदिवसाला सूनबाईने पांढऱ्या ऑर्किडची कुंडी आणून दिली. मी म्हटलं, यात काय अवघड, पाच पाकळ्या आणि मधे काहीतरी पिवळं. शाळेत असताना इंटरमिजिएटला निसर्गचित्रात कण्हेर काढून बी ग्रेड मिळवली होती, त्या जोरावर तासाभरात चित्र उरकलं. नातीने पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, ही तगर आहे ना?"

चूक रंगाची नव्हती, हाताचीही नव्हती. मी फूल नीट पाहिलंच नव्हतं. कारखान्यात एखादा सुटा भाग आला की तो हातात घेऊन, फिरवून, मापून, गरज पडली तर खोलून मगच आम्ही कागदावर उतरवायचो. फुलाच्या बाबतीत तेवढं केलं नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीची ऑर्किडची चित्रं काढणारे लोक नेमकं हेच करत होते. 'व्हिंटेज' म्हणून आज जे विकलं जातं त्यातला पिवळट कागद आणि फिकट शाई ही नुसती वयाची खूण आहे. चित्र काढलं तेव्हा तो कागद पांढराच होता. तसं ऑर्किड घरी जलरंगात कसं काढायचं ते पुढे सांगतो, पण एक गोष्ट आधीच: जुनं दिसावं म्हणून कागद चहात बुडवू नका. इंटरनेटवर ही युक्ती फार चालते. चहातल्या आम्लाने कागद ठिसूळ होतो, आणि ठाण्याच्या दमट हवेत त्याला बुरशी लागायला निमित्तच मिळतं.

आधी जुनी चित्रं बघा, पण मोजकी

बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या वनस्पतीग्रंथांची पानं फुकट बघता येतात, मोठ्या आकारात उतरवूनही घेता येतात. तिथे गेलात की बाहेर पडवत नाही, म्हणून काय बघायचं ते ठरवून जा.

'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन' लंडनमध्ये १७८७ साली सुरू झालं. त्यात १८३४ ते १८७७ या काळात वॉल्टर हूड फिच या चित्रकाराने शेकड्यांनी नाही, हजारांनी चित्रं काढली. त्या मासिकाचं पान लहान, आणि ऑर्किडचं झाड काही तेवढ्यात मावणारं नसतं. त्याची युक्ती बघा: फुलोरा पूर्ण रंगवलेला, आणि मागे पानं किंवा अख्खं झाड नुसत्या रेषेत, बिनरंगाचं. आपल्यालाही पुढे हीच युक्ती लागणार आहे. १८४५ पासून चित्र दगडावर छापलं जायचं, म्हणजे लिथोग्राफ, आणि रंग एकेका प्रतीवर हाताने भरायचे. हाताने रंग भरण्याची ही पद्धत त्या मासिकात १९४८ पर्यंत चालू होती.

लंडनजवळच्या क्यू या वनस्पती बागेतला चित्रकार फ्रान्झ बाउअर फुलाच्या आत शिरला. त्याची ऑर्किडची चित्रं सूक्ष्मदर्शकाखाली बघून काढलेली आहेत. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतीशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये पेशीकेंद्राला 'न्यूक्लिअस' हे नाव दिलं, तेही ऑर्किडच्याच पेशी बघताना. छेद, म्हणजे फुलाचे कापून सुटे केलेले भाग, कागदावर कसा मांडायचा हे बाउअरकडून शिका.

जेम्स बेटमनचा मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या ऑर्किडांवरचा ग्रंथ १८३७ ते १८४३ या काळात भागाभागाने निघाला. चित्रं ४०, प्रती जेमतेम १२५, आणि एका प्रतीचं वजन सुमारे १७ किलो. बहुतेक चित्रं सारा ड्रेक आणि ऑगस्टा विदर्स या दोन बायकांनी काढलेली. तो ग्रंथ कप्पी लावून उचलतायत असं व्यंगचित्र त्याच ग्रंथात आहे, ते शोधून बघाच. पानावर फुलोऱ्याची मांडणी कशी करावी, मोकळी जागा किती ठेवावी, हे त्यात दिसतं.

आणि आपले. रंगय्या आणि गोविंदू हे दोन दक्षिण भारतीय चित्रकार रॉबर्ट वाइट या वनस्पतीशास्त्रज्ञासाठी काम करत. वाइटने ऑर्किडच्या एका प्रजातीला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाला, 'गोविंदूइया' असं गोविंदूचं नाव दिलं. पुढे शास्त्राने ते नाव दुसऱ्या प्रजातीत विलीन केलं ही वेगळी गोष्ट. पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेत तिथला प्रमुख अलेक्झांडर गिब्सन याने १८४७ ते १८५० च्या सुमारास एका भारतीय-पोर्तुगीज चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबराच्या बागेत जपून ठेवली आहेत, पण काढणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. म्हणून आपल्या चित्रावर सही करायला विसरू नका.

'परदेशी ऑर्किड' हा शब्द कोण वापरतो त्यावर सगळं अवलंबून आहे. लंडनकरांना जे परदेशी वाटलं त्यातलं कितीतरी आपल्याकडचं होतं. 'वँडा' या ऑर्किडचं नावच मुळी संस्कृत 'वंदा'वरून घेतलेलं. जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने खासी टेकड्यांतून निळ्या वँडाची सात माणसांची ओझी गोळा करून क्यूला धाडली, आणि त्यातली फारच थोडी रोपं जिवंत पोचली. आता उलटं झालंय. घोडबंदर रस्त्यावरच्या रोपवाटिकेत मिळणारं फॅलेनॉप्सिस हे प्रयोगशाळेत वाढवलेलं संकरित रोप असतं. त्याच्या पूर्वजांचं मूळ आग्नेय आशियाच्या जंगलात.

चित्रं बघून झाली की एकाही चित्राची पूर्ण नक्कल करू नका. एका चित्रातला फक्त ओठ घ्या, म्हणजे ऑर्किडची ती खालची वेगळी पाकळी, आणि तेवढीच पाच वेळा पेन्सिलीने काढा. आठवडाभर एवढंच.

झाड कुठून आणायचं

पहिल्यांदाच काढत असाल तर फॅलेनॉप्सिस घ्या. त्याचं फूल दोन-दोन महिने टिकतं, आणि आपल्यासारख्या सावकाश हाताला एवढा वेळ लागतोच. डेंड्रोबियम स्वस्त पडतं. जांभळ्या डेंड्रोबियमच्या कापलेल्या दांड्या जांभळी नाक्याच्या फुलबाजारात किंवा दादरला मिळतात, आठ-दहा दिवस तजेलदार राहतात. सरावाला या दांड्या उत्तम, कारण फूल कापायला जीव कचरत नाही.

दुकानात फुलांकडे बघण्याआधी कळ्या बघा. एक घट्ट कळी, एक उमलायला आलेली, दोन-तीन पूर्ण फुलं, आणि शक्य असेल तर एखादं कोमेजू लागलेलं, असा फुलोरा मिळाला तर एकाच दांडीवर सगळं आयुष्य सापडतं. सगळी फुलं एकाच दिशेला तोंड करून बसलेली असतील तर ते रोप नको. चित्रात ती फुलं बक्षीस समारंभातल्या फोटोसारखी दिसतात. मूळ कुंडीबाहेर डोकावत असेल तर सोन्याहून पिवळं.

येऊरच्या जंगलात मे-जूनमध्ये सीतेची वेणी फुललेली दिसली तर तिथेच उभं राहून रेखाटन करा, फोटो घ्या, आणि परत या. ते राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली डहाळीही तोडायची नाही. शिवाय रानातली ऑर्किडं विशिष्ट झाड, विशिष्ट बुरशी यांच्या आधाराने जगतात. घरी आणलेली वेणी बाल्कनीत मरते, हे मी शेजारच्या इमारतीत पाहिलंय.

सामान

फार लागत नाही, पण कागदावर कंजुषी करू नका. गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस, १०० टक्के कापसाचा, ३०० जीएसएम. खरखरीत कागदावर बारीक रेघ तुटते. अर्धा इम्पीरियल ताव, १५ × २२ इंच, फुलोऱ्याला पुरतो. एकदम दहा ताव आणून ठेवू नका. पावसाळ्यात कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, बिघडलं की रंग टिपकागदावर पडल्यासारखा फुटतो. त्यावर काहीही उपाय नाही, मी सगळे करून पाहिले. दोन-तीन ताव आणा, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद ठेवा.

पेन्सिली एचबी आणि एच. पुटी रबर, म्हणजे कणकेसारखं मळता येणारं. ट्रेसिंग पेपर. गोल टोकाचे ब्रश सहा, चार आणि दोन नंबरचे. लोकांना वाटतं बारीक कामाला बारीक ब्रश. तसं नाही. सहा नंबरच्या चांगल्या ब्रशला पोट असतं, पाणी धरतो, आणि टोक सुईसारखं येतं. शून्य नंबरचा ब्रश दोन रेघांत कोरडा पडतो.

आणि मुलांची कंपासपेटी. त्यातला डिव्हायडर, दोन टोकं असलेला तो, हे या सगळ्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार. घरात शाळकरी मूल असेल तर फुकट.

जलरंगांच्या नळीवर नावापेक्षा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पर्मनंट रोझ (पीव्ही १९), अल्ट्रामरिन (पीबी २९), एक गार, लिंबाकडे झुकणारा पिवळा, एक उबदार, नारिंगीकडे झुकणारा पिवळा, बर्न्ट सिएना. एवढ्यात नव्वद टक्के ऑर्किडं होतात. अलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) घेऊ नका, उजेडात उडतो. ती झगझगीत ऑपेरा गुलाबीही नको. डेंड्रोबियमला ती अगदी जुळते, मोह होतो, आणि भिंतीवर लवकरच फिकी पडते.

मांडणी

टेबल उत्तरेच्या खिडकीशी असेल तर उजेड दिवसभर सारखा राहतो. आमच्या पाचपाखाडीच्या घराची खिडकी पश्चिमेला, म्हणून मी सकाळी सात ते अकरा काम करतो आणि बाकी वेळ पडदा. उजेड डावीकडून वरून यावा, ही जुन्या चित्रांची रीत आहे. एकच दिवा किंवा एकच खिडकी. दोन्हीकडून उजेड आला की फूल चपटं दिसतं. पंखा बंद. घामाने कागद खराब होतो, म्हणून हाताखाली कोरा कागद ठेवा.

कुंडी डोळ्यांच्या पातळीवर येईल अशी पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा. कुंडीभोवती आणि तुमच्या खुर्चीच्या पायांभोवती खडूने खुणा करा. घरात झाडू मारताना कुंडी सरकते, आणि मग "काल तर हे पान इकडे होतं" अशी स्वतःशीच भांडणं होतात.

फूल उघडा

इथे घाई करायची नाही. ब्रशला हात लावण्याआधी एक फूल खर्ची घाला, सर्वांत खालचं, सर्वांत आधी उमललेलं.

ऑर्किडला पाच पाकळ्या दिसतात, पण त्या पाच नाहीत. बाहेरच्या तीन म्हणजे निदलं: एक वर, दोन खाली तिरकी. आतल्या तीन म्हणजे खऱ्या पाकळ्या: दोन बाजूंच्या, फॅलेनॉप्सिसमध्ये रुंद, पंख्यासारख्या, आणि तिसरी म्हणजे ओठ. ओठ हा कीटकाला उतरायचा ओटा. कळीकडून मोठ्या फुलाकडे बोट फिरवत जा, निदलं पाकळ्यांच्या मागे दडलेली आढळतील. मी पहिल्या चित्रात पाचही सारख्या, एकाच थरात काढल्या होत्या. म्हणून तगर झाली.

मधोमध एक छोटा खांब. याला स्तंभ म्हणतात. इतर फुलांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर वेगवेगळे असतात, ऑर्किडमध्ये ते एकजीव होऊन हा स्तंभ बनतो. त्याच्या टोकाला पांढरी टोपी, टोपीखाली परागांचे पिवळे गोळे, आणि खालच्या अंगाला एक चिकट खळगा. दातकोरणं घ्या, ओठावरून स्तंभाखाली आत सरकवा आणि वरच्या बाजूला टेकवत बाहेर ओढा. टोपी निघेल आणि दोन पिवळे गोळे दातकोरण्याला चिकटून येतील. मधमाशीच्या बाबतीत हेच घडतं. हा प्रयोग कापलेल्या फुलावरच करा, कुंडीतल्या फुलाला हात लावलात तर ते लवकर मान टाकेल.

आता नवं ब्लेड. निदलं, पाकळ्या, ओठ, स्तंभ एकेक सुटं करा आणि काळ्या कागदावर आपापल्या जागी मांडा: वरचं निदल वर, ओठ खाली. ओठ कागदावर सपाट बसणार नाही. फॅलेनॉप्सिसच्या ओठाला बाजूचे दोन कान वर वळलेले असतात, मधे उंचवटा असतो, आणि टोकाला दोन बारीक धागे, मिशीसारखे. डेंड्रोबियम असेल तर फूल बाजूने धरून बघा, मागे खाली हनुवटीसारखा फुगवटा दिसेल. समोरून काढणाऱ्यांच्या नजरेतून तो हमखास सुटतो.

सगळे भाग डिव्हायडरने मापून वहीत आकडे लिहा, मिलिमीटरमध्ये. दहापट भिंगातून स्तंभाचं वेगळं रेखाटन करा. सुटे भाग ओल्या टिपकागदावर ठेवून स्टीलच्या डब्यात फ्रिजमध्ये टाका, दोन दिवस राहतात. डब्यावर चिठ्ठी लावा. आमच्याकडे एकदा ते भाग कोशिंबिरीत जाता जाता वाचलेत.

आणखी एक गंमत. बहुतेक ऑर्किडांत कळी असताना ओठ वरच्या बाजूला असतो. उमलताना फुलाचा देठ १८० अंशांत पिळला जातो आणि ओठ खाली येतो. तो पीळ देठावरच्या बारीक कंगोऱ्यांमधून दिसतो. चित्रात देठ नुसता सरळ नळीसारखा काढला, तर जाणकाराचं बोट पहिलं तिथेच जातं.

पेन्सिल: आधी स्तंभ

रेखाटन साध्या कागदावर करा, चांगल्या कागदावर नाही. माप खऱ्याएवढंच, एकास एक. डिव्हायडर फुलाला न लावता अगदी जवळ धरायचा, टोकं जुळवायची, कागदावर टोचायची. अंदाजाने काही लिहायचं नाही.

आता ड्राफ्ट्समनची शिकवण. फूल म्हणजे वाकडं धरलेलं ताट समजा. समोरून बघितलं तर गोल, तिरकं बघितलं तर लंबगोल. फुलाच्या मागून देठ आत येतो आणि पुढे स्तंभ बनून बाहेर निघतो. ही फुलाची धुरी. आधी ती धुरी एका रेघेने काढा. लंबगोलाचा आखूड अक्ष या धुरीवर पडतो, लांब अक्ष तिला काटकोनात. एवढं जमलं की फूल देठावर नीट बसतं. नाहीतर सगळी फुलं टाचणीने टोचल्यासारखी दिसतात.

मग स्तंभ काढा. मी आधी बाहेरच्या पाकळ्यांपासून सुरुवात करायचो आणि मधे जागा उरायचीच नाही. स्तंभ, मग ओठ, मग बाजूच्या पाकळ्या, शेवटी मागची निदलं. फुलाला आरसारेषा एकच असते: वरच्या निदलाच्या टोकातून स्तंभावरून ओठाच्या मध्यापर्यंत. फूल तिरकं असेल तर ही रेषा वाकते. ती वाकलेली रेषा फिकट काढून ठेवा आणि दोन्ही बाजूंची मापं तिच्यापासून मोजा.

क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी कळ्या काढा, कारण उमलायला आलेली कळी तुमची वाट बघत नाही, चार दिवसांत फूल होऊन बसते. मग फुलं. मग दांडी. पानं आणि मुळं सर्वांत शेवटी, ती कुठे पळत नाहीत. फुलं निरनिराळ्या कोनांतून घ्या: एक अगदी समोरून, एक तीन चतुर्थांश, एक बाजूने, एक पाठमोरं. पाठमोरं फूल लोक टाळतात. जुन्या चित्रांत ते हमखास असतं, आणि निदलं कशी जोडलीत हे तिथेच कळतं.

दांडी दोन फूट असेल आणि कागद बावीस इंच, तर चित्रात दांडी मधे तोडून खालचा भाग बाजूला काढा, किंवा फिचसारखी पानं मागे नुसत्या रेषेत सोडा. माप मात्र लहान करू नका.

पूर्ण झालेलं रेखाटन ट्रेसिंग पेपरवर घ्या. ट्रेसिंगच्या मागून एचबी पेन्सिलीने फक्त त्या रेषांवर गिरवा, मग सरळ ठेवून चांगल्या कागदावर हलक्या हाताने उतरवा. दुपारी खिडकीच्या काचेवर चिकटवूनही जमतं, पण ३०० जीएसएममधून नीट दिसत नाही. शेवटी पुटी रबर दाबून उचला, घासू नका. रेघ जेमतेम दिसेल इतकी ठेवा.

रंग

आधी एका पट्टीवर रंग जुळवा. तीच पट्टी फुलाच्या शेजारी धरून बघा. मोबाइलवरच्या फोटोवरून जांभळं फूल रंगवू नका; कॅमेरा जांभळ्याला निळ्याकडे ओढतो. आकारासाठी फोटो चालतो, रंगासाठी समोरचं फूल हवं.

पहिला थर इतका पातळ की पाणी आहे की रंग असा प्रश्न पडावा. एकेक पाकळी घ्या, आधी नुसतं पाणी लावा, चमक जाऊन ओलसर राहिली की रंग सोडा. पाकळीच्या मध्याकडून बाहेर. शेजारची पाकळी लगेच घेऊ नका, एक सोडून एक. असे तीन-चार थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. वाळला का ते बोटाच्या पाठीने बघा. गार लागला तर आत ओल आहे. मे महिन्यात हे काम भराभर होतं. जुलैत एका थरानंतर चहा, पेपर, आणि गोखले रोडवर एक चक्कर होते.

मग कोरडा ब्रश. रंग घ्या, जुन्या धोतराच्या तुकड्यावर पुसा, आणि उरलेल्या रंगाने शिरांच्या दिशेने बारीक बारीक रेघा. पाकळीचं वळण या रेघांमुळे दिसतं. शिरा आखून काढायच्या नाहीत, दोन शिरांमधली जागा गडद करत न्यायची, शीर आपोआप उरते. ठिपके असतील तर मोजा. थट्टा नाही, मोजा, आणि त्यांच्या रांगा कुठे जातात ते बघा. ठिपक्याची एक कड तीक्ष्ण, एक किंचित विरघळलेली असते.

पांढरं फूल लोकांना घाबरवतं. पांढरा रंग वापरूच नका, कागद पांढरा आहे. अल्ट्रामरिन आणि बर्न्ट सिएना मिसळून करडा करा, खूप पाणी घाला. घशाजवळ त्यात जरा पिवळा-हिरवा, कडेला जरा गुलाबी. सावली वाटते त्याच्या निम्मीच लावा. फूल कागदात विरघळतंय असं वाटलं तर त्याच्या मागे एक गडद पान आणा, पांढरेपणा पानाने दाखवायचा.

जांभळ्या डेंड्रोबियमला आधी पर्मनंट रोझचे थर, मग त्यात अल्ट्रामरिन घालून. सुरुवातच जांभळ्याने केली तर फूल वांग्यासारखं दिसतं.

पानांना नळीतला तयार हिरवा लावू नका. अल्ट्रामरिन, पिवळा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. फॅलेनॉप्सिसच्या जाड पानावर जी चमक दिसते ती पांढरी नसते, आकाश तिथे उतरलेलं असतं. म्हणून चमकेच्या जागी आधी अगदी फिका निळा थर द्या आणि नंतर हिरवा तिथून वाचवा.

मुळांचं एक ठरवून घ्या. ऑर्किडच्या हवाई मुळांवर एक स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी करडं दिसतं, पाणी दिलं की हिरवं होतं. सकाळी चंदेरी रंगवलेलं मूळ दुपारी हिरवं झालं, कारण मधे बायकोने पाणी घातलं. एक आठवडा मी हा गोंधळ केलाय. काम चालू असेल त्या दिवशी पाणी संध्याकाळी घाला.

छेद आणि अक्षरं

वहीत काढलेले सुटे भाग आता कागदाच्या तळाशी एका ओळीत घ्या: ओठ बाजूने, स्तंभ समोरून आणि बाजूने, टोपी, परागांचे गोळे. ते मोठे करून काढायचे, आणि शेजारी × ३ किंवा × ५ लिहायचं. पुढेमागे चित्र छापताना लहान-मोठं होतं, म्हणून एक सेंटिमीटरची मापपट्टीही आखा. छेदांना रंग हलका, किंवा नुसती पेन्सिल.

नाव लिहिताना जे माहीत आहे तेवढंच. रोपवाटिकेच्या पट्टीवर नाव असेल तर ते, नसेल तर 'फॅलेनॉप्सिस, संकरित'. उगाच भारदस्त लॅटिन नाव शोधून चिकटवू नका. तारीख, ठाणे, सही. अक्षरं लहान.

पाऊस आणि फ्रेम

माझं दुसरं चित्र बरं जमलं होतं. फ्रेमवाल्याने ते हार्डबोर्डवर गोंदाने थापून काचेला टेकवून दिलं. ऑगस्टमध्ये काचेच्या आत बाष्प धरलं, सप्टेंबरात पाकळ्यांवर तपकिरी ठिपके उगवले. चित्र सोडवता आलं नाही.

तेव्हापासून मी दुकानात उभा राहून सांगतो. चित्र मागच्या पुठ्ठ्याला फक्त वरच्या कडेवर दोन ठिकाणी, पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या खळीने लटकवायचं. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, इथे ते नको, तांब्याने कागद खराब होतो. पुठ्ठा आम्लविरहित. काच आणि चित्र यांच्यामधे माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, जाडी राहिलीच पाहिजे. मागून कागदी टेपने शिवण बंद, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बटणं, म्हणजे फ्रेम भिंतीपासून सुटी राहते, मागून हवा खेळते. नैर्ऋत्येच्या पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत टाळा, ऊन पडणारी भिंतही टाळा. न लावलेली चित्रं लोखंडी कपाटाच्या मागे उभी ठेवू नका. आडवी, मधे बटर पेपर, आणि सिलिका जेलच्या पुड्या.

फ्रेमला देण्याआधी चित्र ६०० डीपीआयवर स्कॅन करून घ्या. कागद मोठा असल्याने दोन भागांत करून जोडावं लागतं.

गणपती गेले, पाऊस ओसरला की फ्रेम भिंतीवरून उतरवा. मागचा टेप बोटाला ओलसर लागतो का, कोपऱ्यात चांदीसारखे चमकणारे किडे फिरतायत का, ते बघा. टेप सुटला असेल तर ऑक्टोबरच्या उन्हात फ्रेम नाही, फक्त मागचा पुठ्ठा वाळवा आणि नवा टेप लावून परत टांगा.